‘अध्यात्माकडे वळा’ म्हणजे नेमके काय करायचे?

प्रश्न डिचोली तालुक्यातील साठीच्या एका भगिनींचा आहे. गेल्या वर्षी त्यांचे यजमान वारले. एक मुलगा आखातात नोकरीला, दुसरा इंग्लंडात स्थायिक. मोठ्या घरात आता त्या एकट्याच असतात. झोप पहाटे तीनला मोडते, अन्नावर वासना नाही, रक्तदाब वाढला आहे. नेहमीच्या डॉक्टरांनी गोळी बदलून दिली आणि उठता उठता सांगितले, ‘आता जरा अध्यात्माकडे वळा, बरे वाटेल.’ त्या विचारतात : लग्न होऊन या घरात आल्यापासून मी रोज देवपूजा करते, एकादशी धरते, गावच्या जत्रेला कधी चुकले नाही, मग वळायचे म्हणजे आणखी कुठे? यजमानांच्या आजारपणात अभिषेक केले, नवस बोलले, देवीने उजवा कौलही दिला होता, तरी ते गेले. आता पूजेला बसले की देवाचा रागच येतो, हे पाप तर नव्हे? आणि या प्रकृतीत उपवास चालू ठेवावेत का?

मी गोव्यात मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. या प्रश्नातले प्रत्येक वाक्य मी वेगवेगळ्या तोंडून अनेकदा ऐकले आहे, म्हणून उत्तर थोडे विस्ताराने देतो.

‘अध्यात्माकडे वळा’ हे आम्ही डॉक्टर मंडळी फार सहज बोलून जातो. कित्येकदा त्याचा खरा अर्थ एवढाच असतो की तपासणीत नवे काही सापडले नाही आणि बाहेर बाकावर आणखी माणसे ताटकळत आहेत. सल्ला चुकीचा नाही. पण गोळी देताना ती किती, केव्हा आणि कशासाठी घ्यायची हे समजावून सांगणारा डॉक्टर अध्यात्माच्या बाबतीत मात्र सारे रुग्णावर सोपवून मोकळा होतो. ज्यांच्यापाशी श्रद्धा आधीपासूनच आहे, त्यांना मग आपल्याच भक्तीत काही उणे राहिले असे वाटू लागते. तुमच्या पत्रात मला तीच खंत दिसते, म्हणून पहिल्यांदा तेवढे स्पष्ट करतो : तुमच्या साधनेत काही कमी पडले म्हणून तुमची झोप गेलेली नाही.

अध्यात्म आणि धर्माचरण यांची सरमिसळ होणे साहजिक आहे, कारण आपल्याकडे बहुतेकांना पहिले दुसऱ्याच्या हातूनच मिळते. सोवळे-ओवळे, नैवेद्य, पालखी, नवस, उपवास हे धर्माचरण बाहेरून दिसते. माणूस आपल्यापेक्षा मोठ्या अशा कशाशी तरी स्वतःला जोडून घेतो आणि त्या नात्याच्या आधारावर आपल्या जगण्याचा, दुःखाचा आणि मरणाचा अर्थ लावतो, त्या आतल्या व्यवहाराला मी अध्यात्म म्हणतो. ते मोठे काही म्हणजे कुलदेवता असेल, निर्गुण तत्त्व असेल, क्रुसावरचा येशू असेल, किंवा ज्याला देवाचे नावही घ्यावेसे वाटत नाही त्याच्यासाठी पूर्वजांची जमीन, एखादी कला किंवा सेवेचे व्रतही असेल. देवळाची पायरी न चढणारा एखादा बागायतदार आजोबांनी उभ्या केलेल्या कुळागरात पोफळींना पाणी सोडताना जे मनाशी धरून असतो, त्यालाही मी यातच धरतो. उलट पालखीच्या पुढे पहिल्या रांगेत चालणाऱ्याच्या मनात आपला मान दुसऱ्या घराण्याला गेला की काय एवढीच चिंता असू शकते, हे गोव्यातल्या देवळांच्या महाजनकीच्या, म्हणजे देवस्थानातल्या घराण्यांच्या हक्क-मानाच्या वादांनी आपल्याला पुरेसे दाखवले आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट आणि मायकेल रॉस यांनी 1967 साली नेमका हाच भेद मांडला : काहींसाठी धर्म हे प्रतिष्ठा, सोबत किंवा सुरक्षितता मिळवण्याचे साधन असते, तर काहींसाठी तोच जगण्याचा गाभा असतो. खऱ्या माणसांत अर्थात दोन्ही मिसळलेले असते, तुमच्यात आणि माझ्यातही.

आरोग्यशास्त्राने हा विषय सुरुवातीला दाराबाहेर ठेवला होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1946 सालच्या घटनेत आरोग्याची व्याख्या शारीरिक, मानसिक आणि सामाजिक स्वास्थ्य अशी आहे. 1984 साली जागतिक आरोग्य सभेने आध्यात्मिक अंगाची दखल घेणारा ठराव केला आणि 1998 साली व्याख्येतच ‘आध्यात्मिक’ हा शब्द घालण्याची सूचना पुढे आली. तो शब्द व्याख्येत अजून आलेला नाही. रुग्णांच्या खाटेशी मात्र ही गोष्ट त्याआधीच मान्य झाली होती. डेम सिसिली सॉन्डर्स यांनी 1967 साली लंडनमध्ये सेंट ख्रिस्तोफर्स हे आसन्नमरण रुग्णांसाठीचे रुग्णालय काढले आणि ‘समग्र वेदना’ ही कल्पना रुजवली. मॉर्फिनने शरीराचे दुखणे आवरते. पण ‘हे माझ्याच वाट्याला का’, ‘माझ्यामागे यांचे काय’, ‘मी जगलो त्याला काही अर्थ होता का’ या प्रश्नांची वेदना औषधाला तशी दाद देत नाही, आणि तीही वेदनाच आहे, हे त्यांनी डॉक्टरांना पाहायला लावले. गेलेल्या माणसाच्या मागे राहिलेल्यांनाही तेच लागू पडते.

माझ्याकडे आलेल्या माणसाला मी ‘तुम्ही देव मानता का’ असे सहसा विचारत नाही. आजवरचे कठीण दिवस कशाच्या बळावर काढलेत, आणि तो आधार सध्या धरवतो आहे का, एवढे विचारतो. तुमच्या पत्रातून या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर मला असे वाचता येते की तुमचे आचरण जसेच्या तसे चालू आहे, पण ज्याच्यासाठी ते चालू आहे त्याच्याशी तुमचे नाते ताणले गेले आहे. माझ्या सगळ्या उत्तराचा रोख इथेच आहे. नाते ताणलेले असताना पारायणांची संख्या वाढवली, आणखी एक वार धरला, आणखी एका मठाची वाट धरली, तर थकवा वाढतो आणि ‘एवढे करूनही काही वाटत नाही’ हे नवे दुःख पदरी पडते. तुम्हाला आणखी कुठे वळायचे नाही. जिथे आहात तिथल्या रागाकडे तोंड करायचे आहे.

हा राग पाप आहे का, याचे धर्मशास्त्रीय उत्तर देण्याचा मला अधिकार नाही. पण आपली परंपरा या बाबतीत बरीच सैल आहे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. भक्ताने देवाशी भांडावे, त्याला निष्ठुर म्हणावे, त्याच्यावर रुसून बसावे, याला संतांच्या घरी कधी मज्जाव नव्हता. आपल्या गावात गाऱ्हाणे घालतात तेव्हासुद्धा देवाला नुसते विनवत नाहीत, त्याला त्याच्या राखणदारपणाची आठवण करून देतात. वैद्यकीय उत्तर मात्र मी देऊ शकतो. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी 55 वर्षांवरील 596 रुग्णांचा दोन वर्षे मागोवा घेऊन 2001 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ‘देवाने मला टाकले’, ‘देवाचे माझ्यावर प्रेम उरले नाही’, ‘हे सैतानाचे काम’ अशा झगड्यात जे अडकले होते, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण, आजाराची तीव्रता वगैरे हिशेबात धरूनही, अधिक आढळले. याचा अर्थ राग आला की आयुष्य घटते असा काढू नका. असा झगडा बहुतेकांच्या वाट्याला कधी ना कधी येतो आणि निवळतोही; तो कोणापाशी न बोलता वर्षानुवर्षे मनात मुरत राहिला, तर धोका असतो. म्हणून राग दाबून समईची वात सारखी करण्यापेक्षा, एखाद्या संध्याकाळी देवघरासमोर बसून जे म्हणायचे आहे ते मोठ्याने म्हणा. घरात ऐकायला कोणी नाही याचा हा एक फायदा समजा. आणि देवाशिवाय एका जित्या माणसापाशीही ते बोला. बहीण, जुनी मैत्रीण, समजूतदार भटजी, समुपदेशक, कोणीही चालेल, फक्त ‘असे बोलू नये गे’ म्हणून तोंड बंद करणारे नको.

उजव्या कौलाचा सल तुम्हाला सर्वांत जास्त बोचत असावा असे मला वाटते. मूर्तीवर लावलेल्या ओल्या पाकळ्यांकडे डोळे लावून गाभाऱ्याबाहेर उभे राहणे काय असते, हे कौल लावलेल्यालाच कळते. उजवी पाकळी खाली आली की छातीवरचे ओझे उतरते. पण त्या दिवशी देवीला नेमके काय विचारले होते, ते आठवून पाहा. बहुतेक घरांत प्रश्न असतो तो शस्त्रक्रिया करावी का, रुग्णाला बाहेर न्यावे का, असा. कौल त्या निर्णयाला बळ देतो. पुढचे आयुष्य लिहून देण्याची हमी आपण आपल्या मायेपोटी त्यात वाचतो. प्रार्थनेचेही तसेच आहे. हर्बर्ट बेन्सन आणि सहकाऱ्यांनी बायपास शस्त्रक्रियेच्या 1,802 रुग्णांवर केलेला अभ्यास 2006 साली प्रसिद्ध झाला. अनोळखी लोकांनी रुग्णांसाठी प्रार्थना केल्याने गुंतागुंतीचे प्रमाण कमी झाले नाही : प्रार्थना झालेल्यांत 52 टक्के, न झालेल्यांत 51 टक्के. आपल्यासाठी प्रार्थना चालू आहे हे ज्यांना खात्रीने सांगितले होते, त्यांच्यात तर ते 59 टक्के निघाले, जे कदाचित योगायोगानेही असेल. स्वतः केलेल्या प्रार्थनेने माणसाला धीर येतो का, हे त्या अभ्यासाने पाहिलेलेच नव्हते. तुमच्या अभिषेकांनी यजमानांचा आजार हटला नाही. पण त्या महिन्यांत रोज उठून त्यांचे अंग पुसण्याचे, औषधाच्या वेळा सांभाळण्याचे बळ तुम्ही कुठून आणले, ते मात्र स्वतःला विचारून पाहा.

आता शरीराचा भाग, जो मला तुलनेने सोपा वाटतो. इटलीतील लुचानो बेर्नार्दी आणि सहकाऱ्यांनी 23 निरोगी प्रौढांवर केलेला एक छोटा अभ्यास 2001 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ख्रिस्ती जपमाळेवर म्हटली जाणारी लॅटिनमधील रोझरीची प्रार्थना आणि ‘ॐ मणि पद्मे हुं’ हा मंत्र, दोन्ही म्हणताना श्वासाचा वेग आपोआप मिनिटाला सुमारे सहावर येतो, असे त्यांना दिसले. एरवी बसल्या जागी तो 12 ते 20 असतो. रक्तदाबाच्या नैसर्गिक चढउताराची एक लयही साधारण दहा सेकंदांची आहे. श्वास तिच्याशी जुळला की मानेतल्या रोहिणीतील आणि महाधमनीतील दाब ओळखणारी यंत्रणा अधिक तत्परतेने काम करते आणि हृदयाची गती चांगली सावरली जाते. गोव्यात एका घरात तुळशीची माळ आणि कुंपणापलीकडच्या ख्रिस्ती घरात तेर्स, म्हणजे रोझरीच, दोन्हींचा छातीवर होणारा परिणाम सारखाच असावा, ही मला मोठी गमतीची गोष्ट वाटते. तुम्ही करायचे ते एवढेच : रोज ठरल्या वेळी दहा मिनिटे, पाठ टेकून, नेहमीचेच नाम, पण लांब उच्छ्वासावर. संख्या मोजू नका. घाईने माळा पुऱ्या केल्या तर श्वास मंदावत नाही आणि या अभ्यासातला फायदाही पदरात पडत नाही. यामुळे रक्तदाबाची गोळी सुटेल, असे मात्र कोणी सांगितले तर मानू नका.

माणसांत मिसळण्याचा भाग याहून महत्त्वाचा आहे. अमेरिकेतील परिचारिकांच्या दीर्घकालीन पाहणीत 74,534 स्त्रियांची माहिती 16 वर्षांच्या काळात तपासली गेली आणि 2016 साली तिचे निष्कर्ष आले : आठवड्यातून एकापेक्षा अधिक वेळा प्रार्थनासभेला जाणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण कधीच न जाणाऱ्यांपेक्षा 33 टक्क्यांनी कमी होते. अशा पाहणीतून कारण सिद्ध होत नाही, शिवाय ज्यांना चालवते तेच सभेला जातात. तरी संशोधकांनी शक्य तेवढे हिशेब करूनही फरक उरला, आणि त्याचा एक भाग एकमेकांच्या आधारातून येत असावा असे दिसले. भजनी मेळ पाहिला की हे आकड्यांशिवाय कळते. कोण पेटीवर, कोण पखवाजावर, झांज कोणाच्या हातात, हे ठरलेले असते. गुरुवारी एखादी आली नाही की दुसऱ्या सकाळी तिच्या अंगणात कोणीतरी उभे राहते, ‘काय झाले, बरे आहे ना?’ एकटीने घरात केलेल्या पूजेला ही हाक नसते. तुमच्या पत्रात यजमान गेल्यानंतर कोणाकडे गेल्याचा उल्लेख एकदाही नाही, हे मला तुमच्या रक्तदाबाइतकेच खटकले.

त्याचे कारण कदाचित तुमच्याकडे नसेलही. नवरा गेलेल्या बाईला हळदीकुंकवाला बोलवायचे नाही, ओटी भरायला पुढे होऊ द्यायचे नाही, मंगलकार्यात मागे बसवायचे, हे आपल्याकडे अजून चालते, आणि दुःखाच्या नेमक्या काळात ज्या देवाधर्माने धरायचे त्यानेच हात सोडला असे बाईला वाटते. याला मी अध्यात्म म्हणणार नाही. 2022 साली कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, तेव्हा शेजारची गावेच काय, राज्य सरकारही जागे झाले. तुमच्या वाड्यावर ठराव होण्याची वाट पाहू नका. भजनाला सवाष्णपणाची अट नसते. तिथून सुरुवात करा, आणि कुंकू लावावेसे वाटत असेल तर लावा.

‘मन लागत नाही, मन लागले की जाईन’ असे तुम्ही म्हणाल. औदासीन्यात मन आधी लागत नाही, पाय आधी न्यावे लागतात. याचा चांगला पुरावा आपल्या गोव्यातलाच आहे. ‘संगाथ’ या संस्थेच्या कामातून इथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत तीव्र नैराश्याच्या 493 रुग्णांवर झालेला अभ्यास 2017 साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांनी सहा ते आठ बैठकांत रुग्णांना अर्थ वाटेल अशी छोटी छोटी कामे पुन्हा सुरू करायला मदत केली. तीन महिन्यांनी त्या गटातले 64 टक्के नैराश्याच्या बाहेर होते, नेहमीचे उपचार घेणाऱ्या गटातले 39 टक्के. त्यात अध्यात्माचा शब्दही नव्हता, पण कोणासाठी तरी काही करणे, जुनी आवड परत धरणे, माणसांत जाणे हेच त्याचे सार होते. यजमानांची पुस्तके वाचनालयात देणे, शेजारच्या मुलाचा अभ्यास घेणे, यातले काहीही चालेल.

अध्यात्माने नुकसानही होते, आणि ते मला नेहमीच निस्तरावे लागते. दिष्ट (दृष्ट) काढत आणि देवचाराची, म्हणजे गावच्या राखणदार भुताची, समजूत घालत मुलाच्या स्किझोफ्रेनियाची पहिली दोन वर्षे घालवलेली घरे आहेत. शिबिरात दहा दिवस मौन धरून उन्मादात गेलेली माणसे आहेत. ‘सर्व माया आहे’ म्हणत बायकोशी न बोलणारे साधक आहेत. या शेवटच्या प्रकाराला जॉन वेलवुड या मानसशास्त्रज्ञाने 1984 च्या सुमारास अध्यात्माच्या आडवाटेने भावनांना बगल देणे असे ओळखले. श्रद्धा ठेवणाऱ्या रुग्णाशी मी भांडत नाही. गोव्यातल्या कांदोळीत 1756 साली जन्मलेले धर्मगुरू आणि संमोहनाचे अभ्यासक आबे फारिया यांनी पॅरिसमध्ये, संमोहन चुंबकशक्तीने घडते या समजुतीचा बोलबाला असताना, परिणाम संमोहन करणाऱ्याच्या हातातून नव्हे तर समोरच्याच्या मनातून घडतो असे सांगितले होते. पणजीतल्या त्यांच्या पुतळ्याकडे आपण रोज पाहतो. मनाची ही ताकद मी उपचारात कामाला लावतो. अट एकच, गोळी थांबवण्यासाठी कौल घ्यायचा नाही.

तुमच्यासाठी तातडीचे काम वेगळे आहे. पहाटे मोडणारी झोप, गेलेली भूक आणि कशातच रस नसणे दोन आठवड्यांहून अधिक टिकले असेल, तर ते नुसते दुःख आहे असे धरून बसू नका. ते उपचारांनी बरे होणारे नैराश्य असू शकते. वजन पाहा, थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या, रक्तदाबाच्या नव्या गोळीपासून झोप बिघडली का हे डॉक्टरांना विचारा. ‘आता जगून काय’ हा विचार येत असेल तर त्याच दिवशी कोणाला तरी सांगा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा 14416 हा क्रमांक रात्रंदिवस आणि मोफत चालतो.

उपवासांबद्दल. भूकच नसताना एकादशीचे लंघन तूर्त थांबवा; दूध, फळे, वरीचा भात घेऊन धरली तरी ती मोडत नाही. निर्जळी मुळीच नको, विशेषतः लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर. रक्तदाबाची गोळी उपवासाच्या दिवशीही नेहमीच्याच वेळी घ्यायची. मधुमेहाची चालू असेल तर उपवासाआधी डॉक्टरांना विचारून तिची मात्रा ठरवायची, कारण रिकाम्या पोटी साखर उतरून चक्कर येते आणि घरात उचलायला कोणी नाही. साबुदाण्याची खिचडी आणि तळलेले वेफर शक्यतो टाळा, त्यांत मीठ आणि तेल दोन्ही फार असते.